अहिंसा, आर्जव आणि अप्रेझल



आजचं वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय तेरावा. अहिंसा आणि आर्जव हा भाग.

रोजच्यापेक्षा आज थोडं मोठं लिहितोय. या भागात माझी एक जुनी चूक अडकलेली आहे. ती न सांगता चिंतन लिहिलं तर ते नुसतं पाठांतर होईल. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच आयटीत किंवा कुठल्या ना कुठल्या ऑफिसात आहात, काही जण नुकतेच टीम लीड झाला आहात. म्हणून ऑफिसचीच गोष्ट सांगतो.

आधी संदर्भ. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञान म्हणजे काय ते सांगतात. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं, आता आत्मा, ब्रह्म अशा अवघड व्याख्या येणार. आली ती स्वभावाची यादी. मानाची हाव नसणं, दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा, शुद्धता... अशी ती पुढे जात राहते. माणसाला ज्ञान झालंय की नाही, ते त्याच्या वागण्यात बघायचं.

मूळ श्लोकात अहिंसा हा एकच शब्द आहे. माउलींनी त्यावर शंभराहून जास्त ओव्या सांगितल्या. शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशाला पूर्ण झालेला हा ग्रंथ मी कंपनीच्या बसमध्ये, चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये मोबाइलवर वाचतो. हिंजवडी येईपर्यंत कधी दहा ओव्या होतात, कधी एकाच ओवीवर थांबायला होतं.

अहिंसेच्या या भागातला माणूस कसा आहे? कमळावर उतरणारा भुंगा आतले नाजूक केसर चुरगळू नयेत म्हणून जसा जपून पाय ठेवतो, तसा तो जमिनीवर चालतो. बोलण्याचं तर विचारूच नका. मुळात बोलावं की नाही याचाच तो विचार करतो, आपल्या शब्दाने कुणाला लागेल म्हणून. बोललाच तर त्याची माया आधी पोचते आणि शब्द मागून येतात. त्याच्या वाणीने काय काय सोडून दिलंय त्याचीही यादी आहे: वाद, टोमणे, थट्टा, छळ. आणि त्यात एक शब्द आहे, वर्मस्पर्श. वर्म म्हणजे माणसाची दुखरी जागा. तिथे बोट लावणं.

आता माझी गोष्ट.

सात-आठ वर्षं नोकरी झाल्यावर मी टीम लीड झालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे कुणीही कोड लिहिला की तो मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी दुसरं कुणीतरी तपासतं. चूक दिसली की त्या ओळीखाली शेरा लिहायचा. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. माझी नजर तीक्ष्ण होती आणि जीभ त्याहून. २०२० च्या मार्चनंतर सगळे घरी बसलो आणि टपरीवरच्या चहासोबत होणारं बोलणं बंद झालं. आधी एखादा तिरकस शेरा मारला तरी खाली जाऊन कटिंग पिताना तो मिटायचा. आता तो शेरा तसाच स्क्रीनवर राहायला लागला, सगळ्या टीमला दिसेल असा.

‘हे टेस्ट केलं होतंस की देवावर सोडलं होतंस?’ हा माझा आवडता शेरा. लोक हसण्याच्या इमोजी टाकायचे. मला वाटायचं, आपण विनोदी पण कडक लीड आहोत आणि कोडचा दर्जा आपल्यामुळे टिकून आहे.

आमच्या टीममधल्या एका मुलीने एकदा लूपच्या आत डेटाबेसची क्वेरी टाकली. म्हणजे यादीत हजार नावं असतील तर डेटाबेसकडे हजार वेळा हेलपाटा. ही चूक सगळेच कधी ना कधी करतात, मीही केली आहे. मी लिहिलं, ‘कॉलेजमध्ये डेटाबेसचा पेपर ऑप्शनला टाकला होतास का?’ तिने दहा मिनिटांत चूक दुरुस्त केली आणि ‘थँक्स’ लिहिलं. विषय संपला, असं मला वाटलं.

पण त्यानंतर ती मीटिंगमध्ये बोलेनाशी झाली. शंका विचारेना. काम चोख असायचं, पण जेवढ्यास तेवढं. पुढे ऑफिस पुन्हा सुरू झालं. एकदा कँटीनमध्ये समोरासमोर बसलो होतो, तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, ‘तो विषय खरंच राहिला होता माझा. दोनदा. तुला ते कुठून तरी कळलं असणार असंच मला वाटलं होतं.’

मला काहीच माहीत नव्हतं. मी हवेत दगड मारला होता. तो बरोबर जिथे लागायचा तिथे लागला होता.

त्या दिवशी बसमध्ये मी वर्मस्पर्श या शब्दावर अडकलो. दुखरी जागा माहीत असताना बोट लावणं हे पाप, एवढं मला आधीही कळत होतं. पण समोरच्याची दुखरी जागा बहुतेक वेळा आपल्याला माहीतच नसते. म्हणून तर बोलताना पाय जपून टाकायचा. याच भागात माउली अहिंसेच्या नावाखाली होणाऱ्या हिंसेबद्दल एक दृष्टांत देतात: झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच फांद्यांचं त्या झाडाच्या बुंध्याला कुंपण करायचं. मी अगदी हेच करत होतो. टीमचा दर्जा राखण्यासाठी टीममधलीच माणसं तोडत होतो.

मी तिची माफी मागितली. आणि ठरवलं, बस्स झालं. आजपासून वाणीची अहिंसा. कुणाला लागेल असं काही बोलायचं नाही.

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. माझी खरी चूक इथून पुढे सुरू होते.

साधारण त्याच सुमारास आमच्याकडे एक मुलगा आला. मराठवाड्यातला, शांत, कष्टाळू, दोनेक वर्षांचा अनुभव. सर म्हणू नकोस असं चारदा सांगूनही सरच म्हणायचा. त्याची एक सवय होती. कुठे अडला तर विचारायचा नाही. दोन-दोन दिवस एकटाच झगडत बसायचा. स्टँडअपमध्ये रोज सकाळी ‘सुरू आहे’ म्हणायचा. आणि मग शेवटच्या दिवशी हजार-दीड हजार ओळींचा कोड एकदम रिव्ह्यूला टाकायचा. त्यात अर्ध्या गोष्टी चुकीच्या दिशेने गेलेल्या, टेस्ट लिहिलेल्याच नाहीत.

हे त्याला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मनात सारखं यायचं, गरीब स्वभावाचा आहे, लागेल त्याला. मग मी काय करायचो? रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून त्याचा कोड स्वतः दुरुस्त करायचो. सकाळी रिव्ह्यूमध्ये ‘छान, थोडे बदल केलेत’ असं लिहून पुढे ढकलायचो. दर पंधरा दिवसांनी आमचं दोघांचं वन-ऑन-वन व्हायचं. तो विचारायचा, ‘सर, माझं काम ठीक आहे ना?’ मी म्हणायचो, ‘हो रे, छान चाललंय.’

आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटायचं. आपण बदललो, ग्रंथ वाचून माणूस बदलतो, हे आपल्यात दिसतंय असं वाटायचं. या अशा समाधानाचं काय करायचं, तेही त्याच यादीत अगदी सुरुवातीला आहे. पण मी अहिंसेवर इतका खूश होतो की मानाची हाव आणि दंभ हे शब्द वाचून पुढे गेलो होतो.

असे आठ महिने गेले. मग अप्रेझल आलं.

अप्रेझलच्या फॉर्मला अहिंसा कळत नाही. त्यात खाने असतात आणि एका खान्यावर खूण करावी लागते. बाकी टीमच्या कामाशेजारी त्याचं काम ठेवलं तेव्हा त्याला बढती देणं शक्यच नव्हतं. मी ‘अपेक्षेपेक्षा कमी’ या खान्यावर खूण केली आणि कारणांच्या रकान्यात ते सगळं लिहिलं, जे त्याला एकदाही तोंडावर सांगितलं नव्हतं.

मीटिंग रूममध्ये त्याने तो फॉर्म वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘सर, हे तुम्हाला केव्हापासून वाटत होतं?’

मी म्हणालो, ‘तसं... सहा-सात महिने झाले.’

‘म्हणजे तुम्ही छान चाललंय म्हणायचात, तेव्हापण?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पुढे म्हणाला, ‘माझ्या ब्रँचवर रात्री साडेअकराला तुमचे कमिट यायचे. मला सकाळी दिसायचे ते. मी वाट बघायचो, आज तुम्ही काहीतरी बोलाल. मग वाटायचं, बोलत नाहीत म्हणजे आपल्यावरचा भरवसाच उडालाय त्यांचा. मग विचारायची अजूनच भीती वाटायची.’

गिटमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते, हे मी त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

त्याने घरी सांगून ठेवलं होतं की या वर्षी बढती मिळेल. का सांगणार नाही? त्याच्या लीडने दर पंधरा दिवसांनी त्याला तेच तर ऐकवलं होतं. मी मॅनेजरकडे गेलो, रेटिंग बदलता येईल का विचारलं. नाही बदललं. आणि खोलात जाऊन विचार केला तर रेटिंग चुकीचं नव्हतंच. चुकीचं होतं ते आठ महिन्यांचं माझं गप्प राहणं. सुधारायला आठ महिने त्याच्या हक्काचे होते, ते मी गोड बोलून काढून घेतले होते.

त्या आठवड्यात पोथी उघडावीशीच वाटेना. मनात एक प्रकारचा राग होता, की मी तर ग्रंथात सांगितलंय तसंच वागलो होतो! शब्दाने कुणाला दुखवलं नाही. मग हे असं कसं झालं?

तीन-चार दिवसांनी पुन्हा तोच श्लोक काढला आणि या वेळी अहिंसेच्या पुढचे शब्द वाचले. अहिंसा, मग क्षमा, आणि लगेच आर्जव. आर्जव म्हणजे आपण मराठीत ‘आर्जवं करणं’ म्हणतो ते नाही. ऋजुता, सरळपणा. आत एक बाहेर एक नसणं. दोन शब्दांवर होता तो, आणि मी कधी तिथे थांबलोच नव्हतो.

आर्जवाबद्दल माउली काय म्हणतात बघा. सूर्य कुणाचं तोंड बघून प्रकाश देत नाही, तसा हा माणूस सगळ्यांशी सारखा असतो. आणि दुसरा दृष्टांत तर मला फारच लागला: लहान मूल आईपुढे जाताना जसं कचरत नाही, तसा हा माणूस आपलं मन लोकांपुढे ठेवताना कचरत नाही. आपलं मन! मी त्या मुलाला आठ महिने काय दिलं होतं? चांगले शब्द दिले, रात्रीचे दोन-दोन तास दिले. माझं मन तेवढं त्याच्यापासून लपवून ठेवलं.

सतराव्या अध्यायात भगवंत वाणीचं तप सांगतात, तिथेही हीच गोष्ट आहे. बोलणं उद्वेग न देणारं हवं, खरं हवं, प्रिय हवं आणि हिताचं हवं. या सगळ्या अटी एकत्र आहेत. मी त्यातल्या दोन उचलल्या होत्या, उद्वेग नको आणि प्रिय हवं. खरं आणि हिताचं या दोन सोडून दिल्या. उरलेल्या दोनमधून जे तयार झालं त्याला आपण साध्या भाषेत तोंडदेखलं म्हणतो.

यावर मी खूप विचार केला आणि मला एक गोष्ट दिसली. माझं आधीचं टोमणे मारणं आणि नंतरचं गोड गप्प राहणं, वरवर एकदम उलटी टोकं. पण दोन्हींत मी एकच गोष्ट करत होतो. टोमणा मारला की माझी चिडचिड उतरायची, मी हलका व्हायचो. गप्प राहिलो की अवघड संवाद टळायचा, तेव्हाही मीच हलका व्हायचो. दोन्ही वेळा ओझं समोरच्याच्या डोक्यावर गेलं. त्या मुलीकडे लगेच गेलं, या मुलाकडे आठ महिन्यांच्या व्याजासकट.

माउली म्हणतात, मनात जे असतं तेच इंद्रियांच्या वाटेने बाहेर पसरतं. जमिनीत पेरलेलं बीच वर झाड होऊन दिसतं. मी झाडाची छाटणी करत बसलो होतो. शब्द बदलले, सूर बदलला, इमोजी बदलल्या. बी तेच राहिलं. ते बी म्हणजे ‘मला त्रास नको’.

म्हणून आता बोलण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हे बोलून, किंवा हे न बोलून, हलकं कोण होणार आहे? फक्त मी होणार असेन तर थांबायचं. शब्द कडक असोत की गोड.

इथे एक धोका सांगायला हवा, कारण तो आपल्याकडे फार आहे. ‘मी बाबा स्पष्टवक्ता आहे, जे आहे ते तोंडावर बोलतो’ असं म्हणून वाट्टेल ते बोलणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. मी स्वतः दोन वर्षं तसाच होतो. ते आर्जव नव्हे. यादीत आर्जव अहिंसेच्या नंतर येतं, आणि मध्ये क्षमा आहे. हा क्रम मुद्दाम ठेवलाय असा माझा दावा नाही, पण मला त्यातून एक वाट मिळते. आधी समोरच्याला इजा करायची नाही हे मनात पक्कं करायचं. मग त्याची चूक सहन करायची ताकद आणायची, म्हणजे रागाच्या भरात बोलणं होत नाही. आणि मग सरळ सांगायचं. पहिल्या दोन पायऱ्या गाळून केलेला सरळपणा लागतो. तिसरी पायरी गाळून केलेली अहिंसा फसवते.

भगवंतांनी स्वतः हे कसं केलं तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात बसला. दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णांचे पहिले शब्द काही गोंजारणारे नाहीत. चांगले खरमरीत आहेत. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ, असं स्पष्ट सांगितलंय. पण हे बोलणारा कुठे आहे? त्याच रथात. घोड्यांचे लगाम हातात घेऊन, जे बाण अर्जुनावर येणार त्यांच्याच समोर. आणि एक कडक वाक्य बोलून ते मोकळे झाले नाहीत. पुढचे सगळे अध्याय त्याच्याजवळ थांबले. मध्ये अर्जुन तक्रारही करतो, की तुमच्या बोलण्याने माझा गोंधळ होतोय, नीट एकच काय ते सांगा. भगवंत चिडत नाहीत, पुन्हा समजावतात. आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

सरळ सांगणं, सांगून जवळ थांबणं, समोरच्याचं ऐकून घेणं, आणि शेवटी निर्णय त्याच्या हातात देणं. मला वाटतं लीड झालेल्या माणसाने गीतेतून एवढं जरी उचललं तरी खूप झालं.

तुम्ही म्हणाल, मी कुठे लीड आहे? मी तर टीममधला सगळ्यांत ज्युनियर. पण आर्जव वरच्या दिशेनेही लागतं. शुक्रवारपर्यंत काम होणार नाही हे पक्कं माहीत असताना आपण ‘हो, होऊन जाईल’ म्हणतो, ते काय असतं? मॅनेजरला वाईट वाटू नये म्हणून म्हणतो, असं आपण स्वतःला सांगतो. खरं म्हणजे त्या क्षणी आपल्याला त्याचा चेहरा बघायचा नसतो. शुक्रवारी क्लायंटपुढे त्याची फजिती होते ती वेगळीच. आणि शेजारच्या डेस्कवरच्या माणसाने आपल्या कामाचं श्रेय घेतलं, तर ते आपण कँटीनमध्ये पाच जणांना सांगतो, घरी सांगतो, जुन्या कंपनीतल्या ग्रुपवर सांगतो. ज्याला सांगायला हवं तो एकटा सोडून. मन सगळ्यांपुढे ठेवलं, ज्याच्यापुढे ठेवायचं होतं त्याच्यापुढे नाही.

आता पुढे काय झालं ते सांगतो.

अप्रेझलनंतरच्या सोमवारी मी त्या मुलाला घेऊन ऑफिसबाहेर टपरीवर गेलो. म्हणालो, ‘तुझ्या कामात काय कमी आहे ते मी तुला वेळेवर सांगितलं नाही. ती चूक माझी आहे. रेटिंग बदलता आलं नाही, पण इथून पुढे तुझ्याबद्दल मला जे वाटेल ते आधी तुला कळेल, मग फॉर्मला.’ तो ‘ठीक आहे सर’ एवढंच म्हणाला. मला आणखी काहीतरी हवं होतं, माफ केलं असं काहीतरी. पण ते मागणं म्हणजे पुन्हा स्वतःच हलकं होणं, म्हणून गप्प बसलो. या वेळचं गप्प बसणं बरोबर होतं असं वाटतं.

त्यानंतर रात्री कुणाचाही कोड गुपचूप दुरुस्त करणं मी बंद केलं. चूक दिसली की दोन दिवसांच्या आत सांगतो, आणि एकट्याला सांगतो. कौतुक असेल तर ते सगळ्यांसमोर. शेरा कोडच्या ओळीबद्दल लिहितो, माणसाबद्दल नाही. लेखी शेऱ्यात सूर हरवतो, म्हणून नाजूक काही असेल तर फोन करतो किंवा सरळ शेजारी जाऊन बसतो. सांगून झालं की विचारतो, ‘यात माझ्याकडून काय हवंय?’ हा प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं सगळ्यांत अवघड, कारण कधीकधी उत्तर ऐकवत नाही. त्या मुलाचं पहिलं उत्तर होतं, ‘तुम्ही काम देताना अर्धंच सांगता, आणि मला विचारायची लाज वाटते.’ खरं होतं ते.

त्याला दीड हजार ओळींऐवजी दोनशे ओळींचे तुकडे करायला लावले. अर्ध्या दिवसापेक्षा जास्त अडलास तर विचारायचंच, असा नियम दोघांनी मिळून केला. तीन-चार महिन्यांत फरक दिसायला लागला. पुढच्या वर्षी त्याला बढती मिळाली. त्यानंतर काही महिन्यांनी तो दुसऱ्या कंपनीत गेला. शेवटच्या आठवड्यात माझाच एक कोड त्याच्याकडे रिव्ह्यूला होता. त्याने एका ओळीखाली लिहिलं होतं, ‘सर, इथे क्वेरी लूपच्या आत आलीये. मुद्दाम ठेवली असेल तर सांगा, नाहीतर बाहेर काढायला हवी. हवं तर दुपारी दोघं मिळून बघू.’

मी तो शेरा बराच वेळ बघत बसलो. चूक सांगितलीये, मोघम नाही, नेमकी ओळ दाखवून. माझं काही कारण असू शकेल याला जागा ठेवलीये. आणि सोबत बसायची तयारीही आहे. मी तीन-चार वर्षं धडपडून जे शिकत होतो ते त्याला जमत होतं.

मी सुधारलो असं समजू नका. गेल्याच महिन्यात रिलीजच्या रात्री एकाला फोनवर ताडकन बोललो. सकाळी त्याला फोन करून माफी मागितली, पण शब्द तर गेला होता. आणि काही वेळा अजूनही ‘जाऊ दे, पुढच्या वेळी सांगू’ म्हणून टाळतो. यादीतले सगळे गुण एका जन्मात येतील असं वाटत नाही. पण चूक झाली की ती कुठल्या बाजूची, अहिंसेची की आर्जवाची, एवढं आता त्याच दिवशी कळतं.

आजच्यासाठी एक छोटासा अभ्यास. ऑफिसातल्या, घरातल्या अशा एका माणसाची आठवण काढा, ज्याच्याबद्दलचं एक खरं तुम्ही सगळ्यांना सांगितलंय, पण त्याला नाही. लगेच जाऊन सांगू नका. आधी मनात बघा, त्याच्याबद्दल माया आहे का. नसेल तर आज नुसता नामजप करा आणि त्या माणसासाठी दोन मिनिटं चांगलं चिंता. माया असेल, तर उद्या त्याला चहाला घेऊन जा.

उद्याच्या वाचनात याच यादीतला पुढचा शब्द, आचार्योपासना.

राम कृष्ण हरी!